सुक्या पानांचा घरचा मसाला, गोव्याच्या दमट हवेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की डिचोलीच्या आमच्या घरी मागच्या पडवीत सुपं मांडली जातात. पुदिना, सब्जा, ओव्याची पानं, कढीपत्ता असं एकेक सुकत जातं आणि मे महिन्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची, सोलं, मीठ भरताना या पानांच्या बाटल्याही त्याच फडताळात जातात. शेजारणी, नणंदा, भाच्या दरवर्षी जे विचारतात त्याची उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

हा मसाला म्हणजे पिझ्झावर भुरभुरतात तोच का?

त्याच जातीचा. दुकानात ‘मिक्स्ड हर्ब्स’ किंवा ‘इटालियन सीझनिंग’ म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुधा ओरेगॅनो, बेझिल, थाइम, मार्जोरम आणि रोझमेरी असते. आपल्या मसाल्यासारखं यात भाजणं-कांडणं काही नाही. पानं नीट सुकवायची आणि चुरडायची, इतकंच. पण ‘नीट सुकवायची’ या दोन शब्दांतच गोव्यात सगळी मेहनत आहे. हवेत इतका दमटपणा असतो की पान सुकल्यासारखं दिसतं आणि सुकलेलं नसतं.

मग विकत का आणू नये?

आणा की. थाइम, रोझमेरी मीही विकत आणते. आपल्या पावसात ती झाडं मुळाशी कुजतात. ओरेगॅनो मात्र पारखून घ्या. युरोपीय आयोगाने 2021 साली मसाल्यांच्या तपासणीचा अहवाल काढला, त्यात ओरेगॅनोचे 48 टक्के नमुने भेसळीचे असण्याची शक्यता दिसली, आणि भेसळ मुख्यतः ऑलिव्हच्या पानांची होती. चुरा झालेलं पान कशाचं आहे हे डोळ्यांना कळत नाही. आपल्या कुंडीतलं पान आपल्याला माहीत असतं.

कुंडीत ओरेगॅनो नाही. परसातली कुठली पानं चालतील?

ओव्याचं पान. भजी करतो ते जाड, लव असलेलं, मांसल पान. हे झाड आणि ज्याचा दाणा आपण फोडणीत घालतो तो ओवा, ही दोन वेगळी झाडं आहेत, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. ओरेगॅनोचा तो उग्र, घशात उतरणारा वास ज्या कार्व्हाक्रॉलमुळे येतो, तेच द्रव्य ओव्याच्या पानातही असतं. म्हणून तर बाहेरच्या देशांत या आपल्या झाडाला ‘क्यूबन ओरेगॅनो’ म्हणतात. थाइमचंही तसंच. थाइमचा वास थायमॉलचा, आणि ओव्याच्या दाण्याचाही थायमॉलचाच. थाइम मिळालं नाही तर चिमूटभर ओवा हातावर चोळून घालते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

बेझिलसाठी सब्जा लावा. फालुद्यात ज्याचं बी घालतो, तो सब्जा म्हणजेच स्वीट बेझिलची जात. बी पेरलं की आठवड्याभरात उगवतं. वृंदावनातली तुळस मी यासाठी तोडत नाही. भावनेचा भाग आहेच, पण तिचा वास लवंगेकडे झुकतो आणि मिश्रणात एकटीच बोलत राहते.

तमालपत्राऐवजी फोंड्याकडच्या बागांतून, सावईवेरे-केरीच्या बाजूला, दालचिनीचं पान मिळतं. छान आहे, पण त्याच्यातही लवंगेचा वास असतो, तेव्हा ते अख्खं पान रश्श्यात टाकावं, या मिश्रणात चुरडू नये.

कोणत्या महिन्यात सुकवावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी घाटाकडून कोरडं वारं येतं, तेव्हा दोन दिवसांत जे होतं त्याला एप्रिलमध्ये चार दिवस लागतात, कारण उष्मा वाढला तरी समुद्रावरचा दमटपणाही वाढलेला असतो. कळंगुटला किंवा मुरगावला अगदी किनाऱ्यालगत राहत असाल तर आणखी एखादा दिवस धरा. आत, घाटाच्या पायथ्याशी सत्तरीत राहणाऱ्यांचं काम सोपं.

झाडाला फुलाचा तुरा यायच्या आधी तोडावं. सब्जाला तुरा आला की पानातला गंध उतरतो. आणि तोडायचं सकाळी, दव उडून गेल्यावर पण ऊन चढायच्या आत.

उन्हात की सावलीत?

सावलीत, वाऱ्यावर. पापड-सांडग्यांची सवय असल्याने हात आपोआप अंगणातल्या उन्हाकडे जातो, पण कडक उन्हात पानाचा हिरवा रंग विटतो आणि ज्यासाठी ही सगळी खटपट त्या सुवासाचं तेल उडून जातं. पडवीत, खिडकीजवळ, नाहीतर खोलीत पंख्याखाली. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सूप घरात आणून वर पंचा टाका. रात्रीचं दव दिवसभराची कमाई खाऊन टाकतं.

प्रत्येक पान कसं सुकवायचं?

धुणं सगळ्यांचं सारखं. डहाळीसकट दोन पाण्यांतून काढा, झटका, आणि जुन्या सुती पंचात गुंडाळून हलक्या हाताने टिपा. पानावर पाण्याचा थेंब राहिला तर तिथे काळा डाग पडतो.

*पुदिना आणि सब्जा* नाजूक. पान खुडून सुपात एकेरी पसरा, एकावर एक नको. जुडी बांधून उलटी टांगायची पद्धत कोरड्या हवेच्या देशांतली आहे. इथे जुडीच्या आतल्या पानांना वारा लागत नाही आणि ती काळी पडतात. दिवसातून दोनदा बोटांनी उलटसुलट करा.

*कढीपत्ता* सगळ्यात समजूतदार. देठासकट पसरा, दोन-तीन दिवसांत पान हात लावताच गळतं. त्याचा रंगही बराच टिकतो.

*ओव्याचं पान* मात्र परीक्षा पाहतं. नुसतं पाणी भरलेलं असतं. अख्खं ठेवलंत तर पाचव्या दिवशीही मऊच. सुरीने बोटभर रुंदीच्या नव्हे, अगदी शेवयांसारख्या बारीक पट्ट्या काढा, स्टीलच्या ताटाऐवजी कापडावर किंवा सुपावर पसरा, म्हणजे खालूनही वारा लागतो. आठवड्याने तपकिरी-हिरव्या काड्या होतात. दिसायला काही खास नाहीत, पण एक काडी दाताखाली धरा, मग कळेल.

*कोथिंबीर* सुकवू नका. सुकली की गवत होते. ती ताजीच घालावी.

पान वाळलं हे ओळखायचं कसं?

कानाने. मुठीत धरून कानाजवळ चुरडा. कुरकुर आवाज यायला हवा. मग पानाची मधली शीर वाकवून पाहा. ती तडकन तुटली पाहिजे. शीर वाकली आणि तुटली नाही, तर पानात अजून पाणी आहे, कडा कितीही कुरकुरीत झाल्या असल्या तरी.

हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या वर्षी चांगला दोन सुपं पुदिना सुकवला, हाताला कोरडा लागला, मोठ्या काचेच्या बाटलीत गच्च दाबून भरला. आगोटीला बाटली फडताळात गेली. जुलैत भजीच्या पिठात घालायला उघडली तर आधी ओल्या पोत्याचा वास आला, मग झाकणाच्या खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. वरचं काढून खालचं वापरावं असं क्षणभर वाटलं, इतका जीव अडकला होता त्यात. पण बुरशी दिसते त्याच्या पलीकडेही पसरलेली असते. सगळी बाटली परसात रिकामी केली.

तेव्हापासून एक पायरी वाढवली, आणि ती कधीच चुकवत नाही. सुकलेली पानं आधी बाटलीत सैल, तीन-चतुर्थांशच भरायची आणि आठवडाभर डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवायची. रोज सकाळी बाटली हलवायची आणि उजेडात धरून पाहायची. काचेच्या आतून धुकं धरलं, किंवा पानं एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने हलली, तर पुन्हा सुपात. काही पानं जास्त सुकलेली असतात, काही कमी. या आठ दिवसांत ओल सगळीकडे सारखी होते आणि लपलेलं पाणी उघड होतं. आठ दिवस काच स्वच्छ राहिली तरच ती बाटली फडताळात जाते.

पावसात पुदिना माजलाय. आता काय करू?

पडवीत ठेवू नका, फुकट जाईल. दोन उपाय आहेत.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असेल तर त्याच्या आतली हवा कोरडी असते. टिपून घेतलेली पानं कागदी पिशवीत किंवा पातळ पंचात सैल ठेवा, तोंड बंद करू नका, आणि दहा-बारा दिवस विसरून जा. रंग इतका सुरेख राहतो की उन्हाळ्यातल्या पानांपेक्षाही उजवा. मात्र त्याच फ्रीजमध्ये उघडे बांगडे किंवा चिरलेला कांदा असेल तर पुदिन्याला तोच वास लागणार. मासळी डब्यात बंद हवी.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह. दोन पेपर नॅपकिनच्या मध्ये मूठभर पानं, 30 सेकंद, मग उलटून 20-20 सेकंद. दीड-दोन मिनिटांत होतं. समोर उभं राहून करायचं काम आहे, कारण कोरडं पान पेट घेऊ शकतं. ओव्याच्या पानाला मायक्रोवेव्ह नको, ते सुकण्याऐवजी शिजतं.

ओटीजीत होईल का?

पानांना 35 ते 45 अंश पुरतात. घरच्या बऱ्याच ओटीजींचा काटा इतका खाली येतच नाही. काटा अगदी कमीवर, दार लाकडी चमचा लावून किलकिलं, आणि दर दहा मिनिटांनी पाहणं, असं केलं तर जमतं. फळं-भाज्या सुकवायचं डिहायड्रेटर यंत्र कुणाकडे असेल तर प्रश्नच मिटला.

किती पानांचा किती मसाला होतो?

100 ग्रॅम खुडलेल्या पुदिन्याचे 12 ते 15 ग्रॅम हातात येतात. पहिल्यांदा करणाऱ्यांचा यानेच विरस होतो. कढीपत्त्यात पाणी कमी, त्याचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुदिना घ्यायचा तर एक-दोन जुड्यांनी भागत नाही.

प्रमाण सांगा.

विकतच्या पानांचं: ओरेगॅनो 2 मोठे चमचे, बेझिल 2, मार्जोरम 1, थाइम 1, रोझमेरी अर्धा. रोझमेरीच्या सुया टोचतात, त्या खलबत्त्यात आधी कुटून घ्या.

परसातल्या पानांचं, जे आमच्या घरी जास्त संपतं: ओव्याचं पान 3 मोठे चमचे, सब्जा 3, पुदिना 2, कढीपत्ता 1, खोल्याच्या मिरचीचे जाडसर तुकडे 1 लहान चमचा, तिरफळाची पूड पाव लहान चमचा.

सगळी पानं चुरडून मोजलेली. मिक्सर लावू नका. पातं गरम होतं, पूड होते, वास तिथेच भांड्यात राहतो. तळहातावर चोळली की पुरे. काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती रंगाला फार छान, म्हणून ती घेते. हरमलची असेल तर तीही घाला.

तिरफळ? ते तर बांगड्यात घालतात ना?

बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, आणि खतखत्यात, म्हणजे मिसळीच्या भाज्यांच्या रश्श्यात. म्हणूनच मला ते या मिश्रणात हवं होतं. त्याच्याशिवाय हे मिश्रण कुठल्याही गावचं वाटलं असतं. चिनी जेवणात जीभ झिणझिणवणारी सिचुआन मिरी असते ना, तिच्याच कुळातलं हे झाड. वास टरफलात असतो. आतल्या काळ्या, चकचकीत बिया काढून टाकायच्या, त्या कडसर आणि दाताखाली कचकचीत लागतात. टरफल कोरड्या तव्यावर अगदी हलकं गरम करून कुटा आणि चाळा. पाव चमच्याच्या वर जाऊ नका. हौसेने जास्त घातलं की पुदिना-सब्जा असूनही नसल्यासारखे होतात.

मीठ यातच मिसळलं तर?

शक्यतो नको. मिसळायचंच असेल तर आगरवाड्याच्या किंवा आणखी कुठल्या मिठागराचं जाडं मीठ तसंच घालू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसात मिठाची बरणी पाझरते ती त्यामुळेच. तेच पाणी मग पानांना मिळतं. कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं मीठ कोरडं परता, पूर्ण गार होऊ द्या आणि मग आठवड्याला लागेल इतक्याच मसाल्यात मिसळा. मोठी बाटली मिठाविना ठेवा.

लसूण घालू का?

सुकी लसूण पूड चालेल, तीही वापरताना. दमट हवेत तिचे खडे होतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. ताजी लसूण आणि ही पानं तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवायची फॅशन आली आहे. करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणीसोबत आलेल्या बोट्युलिझमच्या जिवाणूंना तेच हवं असतं. त्याचं विष वासाने किंवा चवीने कळत नाही आणि ते जीवघेणं असतं. असं तेल केलंच तर लगेच फ्रीजमध्ये, आणि चार दिवसांत संपवा.

बाटली कुठली, आणि टिकतो किती?

काचेची, लहान, घट्ट झाकणाची, कडकडीत उन्हात वाळवलेली. एका मोठ्या बाटलीपेक्षा सहा छोट्या बऱ्या, कारण दर वेळी झाकण उघडलं की पावसाळ्याची हवा आत शिरते. शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, वाफ आणि उष्णता दोन्ही तिथेच. उकळत्या भांड्यावर बाटली धरून मसाला झटकू नका. हातावर घ्या, मग घाला.

पान अख्खं ठेवलं तर वर्षभर वास राहतो, चुरडलेलं सहा महिने. मी अख्खीच ठेवते आणि महिन्याला लागेल तेवढी चुरडते. बाटलीवर महिना लिहा. जुनं झालेलं पान खराब होत नाही, नुसतं मुकं होतं. चोळून वास आला नाही तर कुंडीत घाला.

जेवणात कधी घालायचा, आणि कशाकशावर?

सुकं पान आधी, ताजं पान शेवटी. सुक्याला तेल आणि थोडा वेळ लागतो, तेव्हा कांदा परतताना घाला. जिथे तीन चमचे ताजी पानं लागतात तिथे एक चमचा सुकी पुरतात.

पिझ्झा-पास्ता झालाच, पण माझं सांगायचं तर नीरफणसाचे काप. मीठ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवताना त्याच रव्यात अर्धा चमचा परसातलं मिश्रण. तव्यावर रवा लालसर होऊ लागला की ओव्याच्या पानाचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. सकाळच्या पेजेवर चिमूटभर, गरम पोईला, म्हणजे आमच्या गोव्याच्या पावाला, लावलेल्या लोण्यावर चिमूटभर, ताकात पुदिना जरा जास्त. बटाटा, कणगीचे कंद, अंडं, काही वर्ज्य नाही. हुमणात मात्र घालत नाही. त्याची चव ठरलेली आहे.

बाटलीत बारीक तपकिरी किडे झाले.

सुक्या पानांना लागणारे भुंगेरे. ती बाटली टाका आणि फडताळ रिकामं करून पुसा. पुढच्या वेळी सुकलेली पानं घट्ट बाटलीत भरून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी असतील तर मरतात. बाहेर काढल्यावर बाटली पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

आमच्या स्वयंसाहाय्य गटाला विकायचा आहे.

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या, आणि लेबलवर घटक, वजन, पॅकिंगची तारीख लिहा. पावसाळ्यात पॅक करू नका. मार्चपर्यंत जितकं झालं तितकंच वर्षाचं, असं धरलंत तर गिऱ्हाइकाकडे खराब माल जाणार नाही.

मुलगी पुण्याला असते, तिला पाठवू कसा?

अख्खी पानं पाठवा, चुरडून नको. प्रवासात दाबली जाऊ नयेत म्हणून पत्र्याच्या छोट्या डब्यात, वर कागदाचा बोळा. तिरफळ वेगळ्या पुडीत द्या, तिला हवं तेव्हा ती कुटेल. तिथली हवा कोरडी असते, तेव्हा इथे आठ दिवस काच स्वच्छ राहिलेली बाटली तिथे वर्षभर काही त्रास देणार नाही. आणि ओव्याच्या पानाची एक फांदी ओल्या कापडात गुंडाळून सोबत द्या. कुंडीत खोचली की लागते.